भाऊंच्या बाबांचा ब्रश

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. दुकानातल्या गमतीजमती लिहून द्या म्हणून ते बऱ्याच वर्षांपासून माझ्या मागे आहेत. खुर्चीत बसले, गालाला फेस लागला की ते विषय काढायचे आणि मी त्यांची हनुवटी धरून मान दुसरीकडे वळवायचो. फेसाखाली माणूस जास्त बोलू शकत नाही, हा आमच्या धंद्यातला मोठा फायदा. लिहायला मला अडचण नव्हती. अडचण अशी होती की माझ्या दुकानाबद्दल लिहायचं म्हटलं की गावंडे भाऊंचा ब्रश येणारच, आणि तो आला की मला खरं सांगावं लागणार. ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. यंदा टाळून उपयोग नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं दोन खुर्च्यांचं सलून होतं. काम मात्र मी अमरावतीला शिकलो, माझ्या मामांकडे. मामांनी वस्तऱ्याला बरेच दिवस हात लावू दिला नाही. आधी फेस. ते म्हणायचे, वस्तरा धरता कोणालाही येतो, दाढी फेस करतो. मी वाटीत ब्रश फिरवून "झाला" म्हटलं की मामा ती वाटी घेत आणि माझ्याच डोक्यावर उलटी धरत. फेस जमलेला असला तर वाटीला चिकटून राही. नसला तर माझ्या कपाळावरून नाकावर उतरे. दुकानातली गिऱ्हाइकं हा तमाशा बघायला थोडी लवकर येऊन बसत. त्या काळात माझं डोकं फार स्वच्छ असे.

ज्यांनी आयुष्यभर नळीतलं क्रीम किंवा डब्यातला तयार फेस वापरला त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दाढीचा खरा साबण म्हणजे वाटीत बसवलेली घट्ट, गोल वडी. तिच्यावर आधी चमचाभर कोमट पाणी टाकून ठेवायचं, म्हणजे वरचा थर जागा होतो. ब्रश वेगळा भिजवायचा. मग पाणी निथळून फक्त केसांची टोकं वडीवर फिरवायची, दाबायचं नाही. पहिल्यांदा मोठे मोठे चमकणारे बुडबुडे येतात. नवखा माणूस तिथेच खूश होतो आणि गालाला लावतो, आणि वस्तरा हातात घेईपर्यंत सगळं वाळून जातं. थांबायचं नाही. थेंब थेंब पाणी देत फिरवत राहायचं. बुडबुडे बारीक होतात, चमक जाते आणि दुधावरच्या सायीसारखा दाट फेस वाटीच्या कडेला धरतो. तो गालावर लावायचा तोही खालून वर, केस उभे राहतील असा.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे, पाण्याची. अकोल्यातून दर्यापूरकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. त्या विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होतच नाही, नासलेल्या दुधासारखा चोथा होतो. म्हणून दुकानात मी धरणाच्या नळाचं गोडं पाणी वेगळ्या माठात ठेवायचो. बार्शीटाकळीचे एक गुरुजी तर घरून स्वतःच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन यायचे. माझ्या माठावर त्यांचा विश्वास नव्हता. दाढी झाल्यावर उरलेलं पाणी ते तिथेच पिऊन टाकायचे.

आता ब्रश. निवडताना आधी केसांचा झुबका तळहातावर दाबून पाहा. तो पसरला पाहिजे आणि सोडल्यावर परत गोळा झाला पाहिजे. मग मूठ हातात तोलून पाहा. शेवटी झुबका चिमटीत धरून हलकेच ओढा, दोन-तीन केस आले तर चालतील, जास्त आले तर ठेवून द्या. बहुतेक ब्रशांचे केस डुकराचे असतात. हे सांगितलं की काही जण खुर्चीतून अर्धे उठत, म्हणून मी नायलॉनचा एक ब्रश वेगळ्या खिळ्यावर, वेगळ्या वाटीसह ठेवायचो आणि ज्याला डुकराचे केस चालणार नाहीत त्याला न विचारता तोच वापरायचो. डुकराचे केस सुरुवातीला टोचतात. भिजवून भिजवून, वापरून वापरून त्यांची टोकं फाटतात तेव्हा ते मऊ होतात. चांगला ब्रश चांगला व्हायला वर्ष जातं. तो कोरडा पडून राहिला तर पुन्हा आडमुठा होतो, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. सेमाडोहचा एक जंगलरक्षक अकोल्यात बहिणीकडे आला की परत जाताना दाढी करून जायचा. त्याला बिनवासाचा साबण लागे. का, तर वास आला की सांबर थांबत नाही, आणि आता साहेबांना सांबर दाखवायचं असतं. मी विचारलं, वाघाचं काय? म्हणाला, वाघ आपल्याला कधीचा पाहून राहिला असते, त्याले साबणाचं काय.

आणि उत्तमराव गावंडे. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

भाऊ बसस्टँडवर गाड्या सांगायचे. लाउडस्पीकरवरचा तो आवाज जुन्या अकोलेकरांना आठवत असेल. "दर्यापूरमार्गे अमरावतीला जाणारी" असं ते म्हणत तेव्हा अमरावतीला काम नसलेला माणूसही क्षणभर उठून उभा राहत असे. कुटुंब दर्यापूरला, भाऊ अकोल्यात एका खोलीत राहायचे. रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी ते माझ्याकडे दाढीला येत. मी एकदा विचारलं, भाऊ, तुम्ही काचेमागे बसता, तुम्हाला कोण पाहतं? रोज कशाला? ते म्हणाले, "मले कोणी पाहत नाही, वस्ताद. पण आवाजात दिसते."

भाऊ स्वतःचा ब्रश घेऊन आले होते. शिसवी मूठ, हाताच्या घामाने काळीभोर झालेली, आणि डुकराच्या केसांचा आखूड, भरदार झुबका. तो त्यांच्या बाबांचा. भाऊ लहान असताना वडील गेले. फोटो कोणी काढलेला नव्हता. घरात वडिलांची म्हणून एवढीच वस्तू. भाऊंना आठवायचं ते असं की अंगणात बाबा दाढी करताहेत आणि उरलेला फेस ब्रशने छोट्या भाऊंच्या नाकाला लावताहेत. म्हणून फेस लावून झाला की मी शेवटी ब्रशचं टोक त्यांच्या नाकाला टेकवायचो. स्टँडवर पोराबाळांना दरडावणारा हा माणूस त्या वेळी डोळे मिटून हसायचा. खोलीवर आरसा धड नव्हता म्हणून ब्रश माझ्या दुकानात, स्वतःच्या खिळ्यावर राहायचा. मी त्याला कोणाला हात लावू देत नसे.

तो मी स्वतः उकळला.

झालं असं की त्या दिवसांत सलूनमधून रोग पसरतात याची फार चर्चा होती. आम्हा दुकानदारांची एक सभा झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अवजारं उकळत जा. त्यांचं म्हणणं वस्तरे-कात्र्यांबद्दल होतं, आणि ते बरोबरच होतं. पण मला नव्या गोष्टीचा उत्साह फार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोव्हवर मोठं पातेलं ठेवलं आणि दुकानात जे जे होतं ते सगळं त्यात घातलं. वस्तरे, कात्र्या, कंगवे. कंगवे वाकले ते पाहून हसलो. मग चिमट्याने भाऊंचा ब्रश उचलला तर नुसती मूठ वर आली.

जुन्या ब्रशांचे केस लाखेत बसवलेले असतात. लाख उकळत्या पाण्यात वितळून गेली होती आणि झुबका तळाशी जाऊन बसला होता. मी तो काढला, फडक्यावर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. भाऊ येण्याची वेळ झाली होती.

तो झुबका तसाच पुन्हा बसवता आला असता. पण तो ओला होता, वाळायला दिवस लागला असता. मग मी काय केलं ते सांगतो. साबण कंपनीच्या एका विक्रेत्याने मला भेट दिलेला कोरा ब्रश कपाटात होता, मऊ केसांचा. त्याचा झुबका मी उपटला, पार्सलवर मोहोर लावायची लाल लाख मेणबत्तीवर वितळवली आणि तो झुबका भाऊंच्या मुठीत बसवला. मनात होतं, आजचा दिवस निभावू, उद्या खरा लावू.

भाऊ बसले. मी फेस केला, लावला, नाकाला टेकवला. ते एकदम म्हणाले, "वस्ताद, ब्रशाले काय केलं तुमी? लोण्यावानी लागून राहिला."

मी म्हणालो, काही नाही भाऊ, जरा ऊन पाण्यात ठेवला होता.

एवढंच. यात खोटं काय होतं? ठेवला होताच की ऊन पाण्यात.

पण भाऊ स्टँडवर गेले आणि त्यांनी ते सांगितलं. माईकवर नाही, पण त्यांचा आवाज बिनमाईकचाही तसाच होता. वस्तादाने माझ्या बापाचा ब्रश नवा करून दिला, एक केस न बदलता. दोन दिवसांत ड्रायव्हर-कंडक्टर आपापले ब्रश घेऊन माझ्याकडे यायला लागले. मग वकील, मास्तर. कोणाच्या आजोबांचा ब्रश, कोणाच्या सासऱ्याचा. मी ते भिजवले, विंचरले, तुरटीच्या पाण्यातून काढले, ढिले झालेले पक्के केले. ते काम मी खरोखर मन लावून केलं आणि त्यात तरबेज झालो. लोक मला ब्रशांचा डॉक्टर म्हणू लागले. दुकान चाललं ते या नावावर. आणि नावाच्या बुडाशी, माझ्या कपाटात, पावडरच्या एका रिकाम्या डब्यात भाऊंच्या बाबांच्या ब्रशचा खरा झुबका दोऱ्याने बांधून ठेवलेला होता.

उद्या लावू, म्हणालो होतो. पण उद्या लावला असता तर भाऊंनी विचारलं असतं की आज हा टोचतो कशाला? मऊपणाचा मान मला मिळाला होता, तो परत करायची हिंमत झाली नाही. मऊ केस टिकायलाही कमी. काही वर्षांत ते विरळ झाले की मी गुपचूप तसाच दुसरा झुबका लावायचो. त्या जातीचा ब्रश अकोल्यात मिळेना तेव्हा अमरावतीला जायचो. मामांकडे जातो असं बायकोला सांगायचो. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती, याची तिने मला आठवण करून दिली. तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "सांगून टाका न त्याईले. ब्रशच तर आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "ब्रशच आहे, पण बाप आहे त्याईचा."

भाऊ रिटायर होऊन दर्यापूरला गेले आणि ब्रश सोबत नेला. मला वाटलं, सुटलो. कसचं. दर वर्षी भाऊ ब्रश रुमालात गुंडाळून बसने अकोल्याला यायचे, सर्व्हिसिंगला. मी ब्रश ठेवून घ्यायचो, ते गावात फिरून संध्याकाळी न्यायचे. दर वेळी माझ्या मनात यायचं की आज सांगू, आणि दर वेळी भाऊ दुकानात बसलेल्या अनोळखी माणसाला हातातला ब्रश दाखवून म्हणायचे, माझ्या बापाने हेच केस माझ्या नाकाला लावले. अनोळखी माणूस माझ्याकडे आदराने पाहायचा.

यंदा वैशाखात भाऊंच्या नातवाचं लग्न निघालं. भाऊंचा फोन आला. वय झालेलं, पण आवाज तसाच, जणू मी फलाटावरच उभा आहे. नवरदेवाची दाढी तुमीच कराची, आणि ब्रश पाठवतो, चांगला तयार करून आणा, पणजोबाच्या ब्रशाने पोराची दाढी झाली पाहिजे.

माझं दुकान आता बंद आहे. ब्रश आला तेव्हा मी दुपारी घरात एकटाच बसलो आणि पावडरचा डबा उघडला. झुबका तसाच होता, काळसर, टोकांशी पिवळा. ठरवलं, निदान त्या दिवशी तरी भाऊंचं बोलणं खरं असू दे. मऊ केस काढले, मूठ आतून साफ केली आणि खरा झुबका लाख लावून बसवला. तो सरळ बसला. मग दोन-तीनदा भिजवून वाळवला आणि मला हलकं वाटलं. सांगायचंही ठरवलं, लग्नातच, चार शब्दांत.

दर्यापूरला मांडवात कूलर लावले होते आणि सगळे पाहुणे कूलरपुढे गोळा झाले होते. आमच्याकडे नवरदेवाची दाढी मांडवात, पाटावर बसवून, चार बायकांच्या गाण्यांत होते. नवरदेव ओंकार पुण्यात नोकरीला. त्याने काळीभोर, नीट कोरलेली दाढी ठेवलेली, आणि ती काढायची नाही असा नवरीचा निरोप. कोपरे-कडा तेवढ्या करा म्हणाला. भाऊंनी कपाळाला हात लावला. "एवढ्याशा जागेसाठी मी वस्तादाले अकोल्याहून बोलावलं काय?"

मग म्हणाले, पहिले माझी करा, ब्रश कसा झाला पाहू द्या.

भाऊ खुर्चीवर बसले. सुनेने ऊन पाणी आणून दिलं. मी वडीवर ब्रश फिरवला, आणि गालाला लावताच भाऊंनी डोळे उघडले.

"थांबा वस्ताद. हा माझ्या बापाचा ब्रश नाही."

गाणी थांबली. बायका माझ्याकडे पाहायला लागल्या.

"हा टोचून राहिला," भाऊ म्हणाले. "माझा ब्रश कसा लोण्यावानी आहे. तुमचा काही घोटाळा झाला. दुसऱ्या कोणाचा आणला तुमी."

मांडवात मी उभा आणि हातात भाऊंच्या बाबांचा ब्रश, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरा. सांगायची वेळ यापेक्षा चांगली येणार नव्हती. तोंड उघडलं. आणि वाटीकडे लक्ष गेलं. फेस नव्हताच, चोथा झाला होता. लग्नाच्या गडबडीत सुनेने बोअरचं पाणी तापवून आणलं होतं.

"पाणी खारं आहे भाऊ," मी म्हणालो. "तुमच्या दर्यापूरचं. ब्रश काय करीन त्याले."

भाऊंनी वाटीत डोकावून पाहिलं आणि ते सुनेवर नाही, सगळ्या दर्यापूर तालुक्यावर चिडले. ताबडतोब पाहुण्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्या फोडून पातेल्यात तापवल्या गेल्या. नव्या पाण्यात मी ब्रश बराच वेळ बुडवून ठेवला. नवरदेवाच्या मावशीने हात कमरेवर ठेवून विचारलं की ब्रश भिजवता की हरभरे? मी म्हणालो, बाई, दोन्हीचं सारखंच आहे. मग फेस केला. मामांनी डोक्यावर उलटा धरला असता तरी थेंब पडला नसता असा. भाऊंना लावला. तोवर केसांचा आडमुठेपणा गेला होता. मी शेवटी ब्रशचं टोक नाकाला टेकवलं.

भाऊ डोळे मिटून हसले. "हां. आता आला. हाच."

माझे डोळे भरून आले. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, कूलरच्या वाऱ्याने का? मी हो म्हणालो.

मग ओंकारच्या कडा केल्या. तो म्हणाला, काका, फोनवर पाहून मीपण साबणाने दाढी करायला शिकतोय, पण फेस होत नाही. मी त्याला वाटी हातात देऊन तिथेच शिकवलं. आजकालची ही पोरं पुन्हा ब्रश विकत घेतात याचा मला फार आनंद आहे. त्याच्याकडचा नव्या धाग्यांचा ब्रश त्याने दाखवला आणि मान्य करतो, माझ्या त्या नायलॉनपेक्षा तो शंभरपट चांगला होता. भाऊंनी त्याच्या नाकाला फेस लावला. फोटोवाला खुर्चीवर चढला. भाऊंना मला दुपट्टा-नारळ द्यायचा होता, तो त्यांनी माईकवरून दिला, आणि पुढे सांगितलं की दर्यापूरमार्गे पुण्याला जाणारा नवरदेव फलाटावर तयार आहे. मांडव हसून हसून लोळला.

पंगतीत भाऊंनी मला शेजारी बसवलं. मी म्हणालो, भाऊ, एक सांगाचं होतं.

"वरणात मीठ कमी आहे न?" भाऊ म्हणाले. "मले माहीत आहे. आचाऱ्याले सांगितलं."

ते नाही भाऊ. ब्रशाचं.

त्यांनी माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली. "ब्रशाचं काय सांगता, मी पाहिला न आज. दिवाळीत अकोल्याले येतो, तवा आरामानं बसू."

श्रावणात भाऊ गेले. झोपेतच गेले, त्यांची दाढी केलेली होती असं सुनेने सांगितलं. तेरवीला मी गेलो. ओंकार आला होता. ब्रश आता त्याच्याकडे आहे, रोज वापरतो. तो कसा भिजवायचा, कसा उलटा टांगायचा, उकळत्या पाण्याला कसं जपायचं, सगळं मी त्याला समजावून सांगितलं. बाकीचं त्याला सांगावंसं वाटलं नाही. ते त्याच्या आजोबांचं होतं, आणि त्यांच्या आधी दुसऱ्याने ऐकावं हे बरं नव्हतं. आता इथे लिहितो आहे, म्हणजे त्यालाही कळेल.

दिवाळीत भाऊ आले असते, दुकान नसलं तरी घराच्या ओसरीवर बसले असते. फेस लावायच्या आधी, ते बोलू शकत असतानाच, मी जे म्हणणार होतो ते असं:

भाऊ, तुमच्या बाबांचा ब्रश मी उकळला होता. केस निघून आले, आणि तुम्ही यायच्या आत मी दुसरेच लावले. तुम्ही लोण्यावानी म्हणाले तो ब्रश तुमच्या बाबांचा नव्हता. लग्नात तुम्ही म्हणाले हा माझ्या बापाचा नाही, तोच तेवढा होता. इतकी वर्षं मी भलतेच केस तुमच्या नाकाला टेकवले आणि तुम्ही हसत राहिले. चुकलं माझं. माफ करा, भाऊ.